पुडी पकडली, मशीन सुटलं

जुम्म्याची नमाज संपली की मशिदीच्या दारातून बाहेर पडणारी गर्दी दोन दिशांना जाते. काही घराकडे, काही समोरच्या पानटपरीकडे. परभणीत हे दृश्य कुठल्याही मोहल्ल्यात दिसेल, आणि मोहल्लाच कशाला, स्टेशनसमोर, मोंढ्यात, जिंतूर रोडला, वसमत रोडला, सगळीकडे तेच. टपरीच्या कपाळावर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा आता नाहीत. समोर बरण्या आहेत, बडीशेपेच्या, गोळ्यांच्या. गिऱ्हाईक काही बोलत नाही, दोन बोटं दाखवतं. टपरीवाला शेजारच्या स्कूटीच्या डिकीत हात घालतो आणि मुठीतून मुठीत दोन पुड्या जातात. एकीत पानमसाला, दुसरीत सुगंधी तंबाखू. दोन्ही एकत्र तोंडात टाकल्या की गुटखा तयार. पैसे मात्र छापील किमतीपेक्षा जास्त. हे जास्तीचे पैसे कुठे जातात, असं टपरीवाल्याला विचारलं तर तो नुसता हसतो.

महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे. २०१२ च्या जुलैपासून आहे. ज्या मुलांनी कायद्याने विकला जाणारा गुटखा कधी पाहिलाच नाही, ती मुलं आज दहावी-बारावीत आहेत आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या दाढेखाली तो आहे. म्हणून ‘बंदी हवी की नियंत्रण’ ही चर्चा मला थोडी हास्यास्पद वाटते. आपल्याकडे दोन्ही नाही. आपल्याकडे वसुली आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी बंदीच्या बाजूचा आहे. ‘ज्याचं तोंड त्याची मर्जी’ म्हणणारे माझे काही शहाणे मित्र आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. आधी मामूंबद्दल.

माझे मामू ट्रकवर होते. रात्रीचं ड्रायव्हिंग, झोप येऊ नये म्हणून पुडी. पहिल्यांदा कळलं ते रमजानमध्ये. इफ्तारच्या दस्तरखानवर मुमानीने केलेल्या कबाबचा घास त्यांनी तोंडात टाकला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मिरची जास्त झाली म्हणाले. कबाबमध्ये मिरची नव्हतीच. दुसऱ्या वर्षी अख्खा खजूर तोंडात जाईना. डॉक्टरने तपासताना सांगितलं, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. निरोग्या माणसाच्या तोंडात ती सहज जातात. मामूंचं एक बोट गेलं, दुसरं अडकलं. गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होत जाते, तोंड उघडायचं बंद होतं. सुपारीने होणारा हा आजार पुढे अनेकांना कॅन्सरपर्यंत नेतो. परभणीतून छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कर्करोग रुग्णालयाकडे जाणाऱ्या गाड्यांत गळ्याला रुमाल बांधलेली, गाल एका बाजूने बसलेली माणसं भेटतात. ती बोलत नाहीत, सोबतची बाई बोलते.

मामू पहिल्यांदा पुडीकडे वळले ते तंबाखूच्या चवीमुळे नव्हे. साधी तंबाखू त्यांना सोसत नसे, उलटी व्हायची. पुडीला वेलचीचा, केवड्याचा, गुलाबाचा वास होता. कडू गोष्ट गोड करून दिली नसती तर त्यांनी ती थुंकली असती. वादाचं मूळ इथे आहे. तंबाखू अनेक पिढ्या आपल्या घरात होती. आजीच्या पानदानात किवाम होता, म्हातारे बिडी ओढायचे, खेड्यातल्या बाया आजही मशेरी लावतात. पण बारा वर्षांच्या पोराला तंबाखू आवडावी अशी सोय कारखान्याने केली, आणि त्या सोयीचं नाव सुगंध.

आता कायदा काय करतो ते बघा. महाराष्ट्र सरकारने २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २००४ मध्ये ती रद्द झाली. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला, २०११ मध्ये त्याखालचे नियम आले, आणि त्यात एक वाक्य होतं की कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही. गुटखा तोंडात घालतात, म्हणजे तो अन्न. या आधारावर २०१२ ची बंदी उभी राहिली. पुढच्या आदेशांत सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा हेही आले. हे आदेश अन्न सुरक्षा आयुक्त काढतात आणि कायद्याने ते एका वर्षापुरतेच काढता येतात. त्यामुळे दरवर्षी भाड्याच्या घरासारखा नवा करार. जी गोष्ट विष आहे हे सरकारला मान्य आहे, तिच्यावरची बंदी वर्षावर्षाच्या मुदतीने चालते!

अन्नाच्या कायद्यातून बंदी आणल्यामुळे एक मजेशीर भोक राहिलं. सिगारेट अन्न नाही. म्हणून त्याच टपरीवर, त्याच काचेआड, चिमटीत दाबली की पुदिन्याचा किंवा फळाचा स्वाद सुटणारी सिगारेट राजरोस मिळते. चघळायचा सुगंध गुन्हा, ओढायचा सुगंध कायदेशीर. चघळणारा मजूर, रिक्षावाला, ट्रक ड्रायव्हर असतो. ती महागडी सिगारेट ओढणारा कॉलेजचा पोरगा असतो. युरोपियन संघाने सिगारेटमधले स्वाद बंद केले आणि २०२० मध्ये मेन्थॉलही काढला. कॅनडाने त्याआधीच काढला. स्वाद हा पोरांना ओढण्याचा गळ आहे, हे त्यांना कळलं. आपल्याला ते फक्त गरिबाच्या पुडीपुरतं कळलं.

हुक्क्याची गोष्ट आणखी निराळी. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली, चौदा माणसं गेली. हुक्क्याच्या निखाऱ्याच्या ठिणग्यांतून आग पेटल्याचं चौकशीत पुढे आलं. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने केंद्राच्या तंबाखू कायद्यात दुरुस्ती केली आणि गुजरातच्या पाठोपाठ हुक्का पार्लर बंद केले. चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. मग ‘आमचा हुक्का वनस्पतींचा आहे, त्यात तंबाखू नाही’ म्हणत काही मालक उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये त्यांना तेवढ्यापुरती मोकळीक मिळाली. आता छापा पडला की आधी वाद होतो तो चिलमीत काय होतं यावर. नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल यायचा तेव्हा येतो, दुकान तोवर चालतं. कोळशाचा धूर मात्र तोच. जागतिक आरोग्य संघटनेने कधीच सांगून ठेवलंय की तासाभराच्या एका बैठकीत माणूस एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर छातीत घेतो. ‘पाण्यातून गाळून येतो’ ही थाप आमच्या पोरांना पाठ आहे.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी हे प्रकार कॅफेच्या पाटीआड चालतात. छाप्याची बातमी आली की खाली प्रतिक्रिया ठरलेल्या. एका बाजूने, ‘यांचेच धंदे’. दुसऱ्या बाजूने, म्हणजे आपल्या बाजूने, ‘आपल्यालाच टार्गेट करतात’. मला या दोन्हीचा कंटाळा आलाय. हुक्का म्हणजे नवाबी तहजीब, हुक्का म्हणजे आपली संस्कृती, असं बोलणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

तंबाखू मोगल दरबारात गेली ती आपल्या दख्खनमधून. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाहीत आला होता. परत जाताना त्याने तंबाखू आणि ओढायची नक्षीदार नळी नेली आणि बादशहापुढे ठेवली. दरबारच्या हकिमांनी नको म्हटलं, अकबराने तरी झुरका घेतला. त्याच अकबराचा मुलगा जहांगीर. त्याने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिकडे इराणच्या शाह अब्बासनेही मनाई केली होती. उस्मानी सुलतान चौथ्या मुरादने तर १६३३ मध्ये तंबाखू ओढणाऱ्याला देहदंड ठेवला. म्हणजे ज्या बादशहांची नावं आपण छाती फुगवून घेतो, ते तंबाखूच्या विरोधात होते. तहजीबवाल्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्याच गोष्टीतला दुसरा तुकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जहांगीरने इराणला खान आलम नावाचा वकील पाठवला होता. त्याला तंबाखूशिवाय घडीभर करमत नसे. शाहपर्यंत ही गोष्ट गेली आणि मनाई असतानाही शाहने त्याला सूट दिली. जहांगीरने हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, बहुधा गंमत म्हणून. चारशे वर्षांपूर्वीची बंदीही अशीच होती. बाजारातल्या माणसाला शिक्षा, वकिलाला सवलत.

आजचा खान आलम कोण? मोबाइलवर येणारे छाप्याचे फोटो आठवा. पांढरी पिकअप, पोत्यांचा ढीग, मागे ओळीने उभे पोलीस, पुढे खाली माना घातलेली दोन पोरं. बातमीत चालकाचं नाव, क्लीनरचं नाव, टपरीवाल्याचं नाव. शेवटी एक ओळ, ‘मुख्य सूत्रधाराचा शोध सुरू’. हा शोध कधी संपल्याची बातमी मी वाचलेली नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा अशाच गाडीवर होता. फेरीमागे ठरलेले पैसे मिळायचे, पोत्यात काय आहे हे त्याला माहीत होतं, नाही असं नाही. तो आत गेला. जामिनासाठी आईने बांगड्या विकल्या. माल ज्याचा होता त्याने दुसरा ड्रायव्हर ठेवला.

अशा प्रकरणांत पोलीस भारतीय दंड संहितेचं ३२८ कलम लावत आले. विष किंवा गुंगीचा पदार्थ देणं, दहा वर्षांपर्यंत कैद. २०१६ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने असे गुन्हे रद्द केले. अन्न सुरक्षेचा स्वतंत्र कायदा असताना हे कलम लावता येणार नाही, असा तो निकाल होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायद्यांखाली कारवाई होऊ शकते असं म्हटलं आणि मुळात हे कलम लागू होतं का, हा प्रश्न परत उच्च न्यायालयाकडे पाठवला. वकिलांच्या या वादात मला पडायचं नाही. एवढंच विचारतो, की पुडी पोचवणाऱ्याने विष दिलं असेल, तर ती भरणाऱ्याने काय दिलं? विधिमंडळात मकोका लावण्याची मागणीही होत आली आहे. लावा ना. पण ‘संघटित गुन्हेगारी’ म्हणजे पिकअपचा ड्रायव्हर आणि क्लीनर असा अर्थ होणार असेल, तर त्याला माझा विरोध आहे.

आणि कारखाने सापडत नाहीत असं कुणी म्हणू नये. २००८ मध्ये केंद्राने पानमसाला आणि गुटख्यावर उत्पादन शुल्क कसं बसवलं माहितीये? कारखान्यात पुड्या भरण्याची मशीनं किती, ते मोजून. प्रत्येक मशीनचा हिशेब, त्यावर कर. जीएसटी आल्यावर हे सगळ्यात वरच्या कराच्या टप्प्यात गेले, वर उपकर. २०२४ मध्ये पुन्हा नियम झाला की पुडी भरणारं प्रत्येक मशीन नोंदवायचं, नाही नोंदवलं तर मशीनमागे एक लाख दंड. म्हणजे देशात कुठल्या शेडमध्ये कुठलं मशीन उभं आहे याची सरकारकडे वही आहे. कर घेताना ती वही उघडते. माल महाराष्ट्रात कसा आला हे विचारताना ती कुणी उघडत नाही, आणि मग सीमेवरच्या नाक्याला, जिल्ह्यातल्या मोजक्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना, कोतवालीच्या हवालदाराला कामाला लावायचं. हवालदाराला टपरी दिसते, कारखाना दिसत नाही. टपरीकडून महिना मिळतो हेही तेवढंच खरं.

दिखाऊपणा दुसऱ्या बाजूलाही आहे. पानमसाल्याच्या नावानेच वेलची विकायची आणि तिची जाहिरात करायची. अजय देवगण, शाहरुख खान, अक्षय कुमार. टीका झाली तेव्हा २०२२ मध्ये अक्षय कुमारने माफी मागून अंग काढून घेतलं. आमच्या मोहल्ल्यातली पोरं शाहरुखवर जीव टाकतात. तो वेलची विकत नाही हे त्यांना कळतं, जाहिरात बनवणाऱ्याला कळतं, पाहणाऱ्या सरकारलाही कळतं.

आता त्या शहाण्या मित्रांकडे. ते म्हणतात, बंदीने काळाबाजार वाढतो, त्यापेक्षा खुलं करा, कर लावा, वयाची अट घाला. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये सरकारनेच उठवली, हे त्यांचं आवडतं उदाहरण. या म्हणण्यात दम नाही असं नाही. पण वयाची अट आजही आहे. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायची नाही, शाळेच्या शंभर यार्डांत विकायची नाही, हे २००३ पासून कायद्यात आहे. दंड दोनशे रुपयांपर्यंत. परभणीतली कुठलीही शाळा निवडा आणि फाटकापासून पावलं मोजत निघा. जे सरकार शंभर यार्ड राखू शकलं नाही, ते खुल्या बाजारावर नियंत्रण ठेवेल हा विश्वास कुठून आणायचा? आणि दारू घराघरात गाळता येते, पुडी तशी भरता येत नाही. तिला मशीन लागतं, सुगंधाचं रसायन लागतं, छापील वेष्टन लागतं. मावा टपरीवर घोटला जातो हे मान्य, पण त्याचीही चटक लावते ती कारखान्यातून आलेली सुगंधी तंबाखू. ज्याचं उत्पादन एवढ्या थोड्या ठिकाणी होतं, त्याची बंदी दारूपेक्षा सोपी असायला हवी.

बंदी फुकट गेली असंही मी म्हणणार नाही. केंद्राच्या पाहणीत २००९-१० मध्ये महाराष्ट्रातले ३१.४ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये ते प्रमाण २६.६ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय बंदीचं नाही, चित्रांचे इशारे होते, भाव वाढले होते. पण माळा उतरल्या, शाळेच्या पोराच्या नजरेसमोरून पुडी गेली, एवढं तरी झालं. त्या २६.६ पैकी ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. बाकी सगळा मामला चघळण्याचा. म्हणूनच हुक्का पार्लरवर कॅमेरे नेणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, की बाबांनो, महाराष्ट्र ज्याने मरतोय ते तर तुमच्या कॅमेरामनच्या खिशात आहे.

बंदी लागली तेव्हा राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील होते. आबांना स्वतःला तंबाखूची सवय होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने ते गेले, अवघ्या ५७ व्या वर्षी. त्यांच्याच पोलिसांना ही बंदी राबवायची होती. मला यात टोमणा मारायचा नाही. डान्सबार बंद करणारा, झोपडीतून वर आलेला माणूस, ज्याच्या शब्दावर राज्याचं पोलीस दल हलायचं, त्यालाही हे सुटलं नाही. मग माझ्या मामूंना ‘मनाचा निग्रह करा’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

तरी आपल्या घरातला हिशेब मांडायचा राहतोच. जुन्या उलेमांनी तंबाखूला मकरूह म्हटलं, अरब देशांतल्या अनेक मुफ्तींनी पुढे हराम म्हटलं. आपल्याकडे ‘मकरूह’ हा शब्द परवान्यासारखा खिशात ठेवला जातो. हराम तर नाही ना, मग चालतं! डुकराच्या चरबीच्या अफवेवर बिस्किटाचा पुडा उलटून बघणारा माणूस कॅन्सरचं चित्र छापलेली पुडी न बघता फाडतो. माझ्या बहिणीच्या निकाहात, बंदीच्या कितीतरी आधी, पाहुण्यांसमोर फिरवलेल्या थाळीत पानासोबत गुटख्याच्या पुड्या मीच रचल्या होत्या. मामूंनीही त्यातली उचलली असणार. तेव्हा कुणाला वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही. आणि रमजानमध्ये चौदा तास पुडीशिवाय राहणारा माणूस मगरीबच्या अजानला खजुराआधी खिसा चाचपतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मागणी माझी साधी आहे. स्वाद घातलेली तंबाखू, मग ती चघळायची असो, ओढायची असो की हुक्क्यात भरायची, बनवायलाच बंदी करणारा एक कायदा संसदेत व्हावा, आणि त्यात पहिला आरोपी मशीनचा मालक असावा. तोवर आपल्या जिल्ह्याच्या आमदारांनी अधिवेशनात एकच प्रश्न टाकावा. २०१२ पासून परभणी जिल्ह्यात किती चालक-टपरीवाल्यांवर गुन्हे झाले, आणि किती उत्पादकांवर?

आणि एक काम कुठल्याही सरकारशिवाय होण्यासारखं आहे. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा उर्स भरतो, लाखो माणसं येतात, सगळ्या धर्मांची. तिथे दुकानांना जागा देताना तंबाखू नको, ही अट घालायला कुणी अडवलेलं नाही. मशिदींच्या गाळ्यांतही पानटपऱ्या आहेत. अशाच एका मशिदीच्या कमिटीतल्या बुजुर्गांना मी विचारलं, चाचा, गाळा मशिदीचा, भाडं मशिदीच्या गल्ल्यात, आणि दुकानात काय विकलं जातं तुम्हाला माहिती आहे ना? ते क्षणभर थांबले. म्हणाले, ‘मालूम है बेटा. लेकिन भाडा टाइम पे देता उनो.’